मे महिन्यातील क्राफ्ट बिअर महोत्सव : जावे का, आणि गेल्यास काय पाहावे?

नेरुळवासी

मुंबईत मे महिन्यातील एका शनिवार-रविवारी उघड्या मैदानावर क्राफ्ट बिअरचा, म्हणजे छोट्या उत्पादकांनी बनवलेल्या बिअरचा, महोत्सव भरणार आहे आणि आमच्या सोसायटीतील पाच जणांचे तिथे जाण्याचे घाटत आहे. वेळ दुपारी एक ते रात्री दहा अशी छापलेली आहे. प्रवेशशुल्कात एक पेला आणि चाखण्यापुरती पाच छोटी मापे मिळतात. त्यापुढे प्रत्येक मापासाठी टोकन विकत घ्यावे लागते, आणि उरलेल्या टोकनांचे पैसे परत मिळणार नाहीत असे तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले आहे.

आमच्यापैकी बहुतेकांची मजल आजवर बाटलीतील लागर या नेहमीच्या हलक्या बिअरपलीकडे गेलेली नाही. मी कामानिमित्त पुण्याला जात असे तेव्हा तिथल्या मायक्रोब्रुअरीत (जिथे बिअर बनते तिथेच ती प्यायला मिळते अशा जागेत) बसण्याची सवय लागली आणि गव्हाच्या बिअरची गोडी निर्माण झाली. पण एकाच मैदानात पंचवीस-तीस प्रकार मांडलेले असताना सुरुवात कुठून करावी आणि थांबावे कुठे, याचा काहीच अंदाज नाही. त्यात मे महिना. नेरुळला संध्याकाळी सहा वाजता बाल्कनीत उभे राहिले तरी सदरा पाठीला चिकटतो, तिथे भर दुपारी मैदानात उभे राहून बिअर पिण्यात काय शहाणपण आहे, असा प्रश्न घरातून विचारला गेला आहे आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

शिवाय दोन बारीक अडचणी आहेत. धाकटा मेहुणा 23 वर्षांचा आहे, त्याला प्रवेशद्वारावर अडवतील का? आणि पत्नी मद्य घेत नाही, मात्र तिला गाण्यांसाठी आणि खाण्यासाठी यायचे आहे. तिने गाडी चालवावी असा एक प्रस्ताव पुढे आला, परंतु दिवसभर गर्दीत काढून रात्री चार जणांना घरोघर पोहोचवण्याचे काम तिच्या गळ्यात घालणे मला प्रशस्त वाटत नाही.

मद्यपान चांगले की वाईट या विषयावर इथे पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे, तेव्हा तो वाद कृपया या धाग्यावर नको.

शीतगृह

माझा व्यवसाय शीतकरण यंत्रणेचा आहे. तुर्भे आणि महापे भागातील हॉटेलांचे चिलर आणि बिअरचे नळ दुरुस्त करण्यात माझे दिवस जातात, त्यामुळे अशा महोत्सवात गेलो की माझी नजर फलकावरील नावांकडे न जाता आधी टेबलाखाली जाते. तुम्हालाही माझा हाच सल्ला आहे : उन्हाळ्यात बिअर निवडण्याआधी स्टॉल निवडा.

कारण असे की बाटलीतील लागर सहसा पाश्चरीकरण होऊन आलेली असते आणि दुकानाच्या फळीवर काही आठवडे पडून राहिली तरी निभावून नेते. केगमधून (धातूच्या पिंपातून) येणारी क्राफ्ट बिअर बहुधा पाश्चरीकरण न केलेली आणि पुष्कळदा न गाळलेलीही असते. तिच्यातील यीस्ट जिवंत असते आणि तिची चव उष्णतेपुढे फार काळ टिकत नाही. या व्यवसायात एक ठोकताळा सांगितला जातो, तो असा की 3 अंश सेल्सिअसला 300 दिवसांत बिअर जितकी उतरते, तितकीच ती 22 अंशांना 30 दिवसांत आणि 32 अंशांना अवघ्या 3 दिवसांत उतरते. ठोकताळ्याला शास्त्राचा काटेकोरपणा नसतो हे मान्य. तरीही मे महिन्यात मुंबईतील मैदानावरचा तंबू दुपारी 32 अंशांच्या खाली येत नाही हे लक्षात घेतले, तर आदल्या रात्री टेम्पोतून आणून तसेच ठेवलेले केग दुसऱ्या दिवशी कोणत्या अवस्थेत असतील याची कल्पना येईल. शिळेपणाची पहिली खूण म्हणजे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. तो आला की समोरच्या माणसाने कितीही पदके सांगितली तरी पेला खाली ठेवावा.

उन्हाळा आणि बिअर यांचे वैर जुने आहे. जर्मनीतील बव्हेरियाच्या ड्यूकने 1553 साली 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यावरच बंदी घातली होती, कारण उन्हाळ्यात बनवलेली बिअर हमखास नासत असे. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून ती तळघरांत साठवायची, तळघर थंड राहावे म्हणून वर चेस्टनटची झाडे लावायची, आणि पुढे त्याच झाडांखाली बाके टाकून लोक पिऊ लागले. तिथल्या बिअर-बागांचा उगम हा असा आहे. म्हणजे उन्हाळ्यात बिअर पिण्याची परंपरा मुळात बिअर थंड ठेवण्याच्या खटपटीतून आलेली आहे, आणि आपल्याकडील आयोजक नेमक्या त्याच खटपटीवर खर्च वाचवतात.

आता टेबलाखाली काय पाहायचे ते सांगतो. चांगल्या स्टॉलवर केग बर्फाच्या टबात उभे असतात किंवा निदान ओल्या गोणपाटाने गुंडाळून सावलीत ठेवलेले असतात. केगमधून निघालेली नळी एका बर्फाच्या पेटीत शिरते. पेटीत स्टेनलेस स्टीलच्या नळीचे वेटोळे असते आणि त्यातून फिरून थंड झालेली बिअर बाहेरच्या नळाला येते. या पेटीत नुसता बर्फ भरून भागत नाही. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा अडकते आणि वेटोळ्याला थंडावा पुरता लागत नाही, म्हणून बर्फ आणि पाणी एकत्र असावे लागते. जाणता माणूस मधूनमधून झाकण उघडून फळीने ते ढवळताना दिसेल. (वेटोळ्याऐवजी ॲल्युमिनियमची शीतपट्टी असेल तर याच्या उलट, वितळलेले पाणी सतत काढून टाकावे लागते. पण हा तपशील माझ्यासारख्यांनी पाहायचा.) अशी पेटी ओळीने दहा-बारा पेले व्यवस्थित थंड करते, मात्र संध्याकाळी सात-आठच्या गर्दीत नळ बंदच होत नाही तेव्हा ती हरते. द्रव जितका उष्ण तितका त्यात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळून राहतो, त्यामुळे मग नळातून अर्धा पेला फेसच येऊ लागतो आणि ओतणारा मुलगा तो फेस निथळत बसतो. रांगेत उभे असताना ओतलेला पेला पाहावा : वर दोन बोटे घट्ट फेस आणि खाली शांत बिअर असेल तर यंत्रणा ठीक आहे. फेस मोठ्या बुडबुड्यांचा असेल आणि लगेच विरत असेल तर एक तर बिअर कोमट आहे किंवा पेल्याला साबण राहिलेला आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले. त्यांतील कडवट द्रव्यांवर ऊन पडले की रासायनिक क्रिया होऊन एक गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला जळक्या रबरासारखा वास येऊ लागतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी काचेच्या असण्याचे कारण हेच. उघड्या पेल्यात, मे महिन्याच्या उन्हात, या क्रियेला काही मिनिटे पुरतात. पेला घेऊन उन्हात छायाचित्रे काढत बसण्याऐवजी सावली गाठून तो संपवावा.

आणि ओतणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : हा केग कधी भरला? हॉप्सचा सुगंध सगळ्यात आधी उडतो, म्हणून भरपूर हॉप्स घातलेल्या आयपीए या प्रकाराच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्याकडे प्यावे.

तलावपाळी

मी ठाण्याची. आम्ही मैत्रिणी मिळून अशा महोत्सवांना जात असतो, तेव्हा यंत्रांबद्दल वरील प्रतिसादात आलेच आहे, मी प्रत्यक्ष दिवस कसा काढावा ते लिहिते.

पाच मापे कमी वाटतात, पण ती कमी नाहीत. माप 150 मिलीलिटरचे धरले आणि बिअरमध्ये 5 टक्के अल्कोहोल असेल, तर एका मापात साधारण 6 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. आपले शरीर तासाला सुमारे 7 ग्रॅम अल्कोहोल निकाली काढते असे ढोबळमानाने मानतात. म्हणजे तासाला एक माप हा हिशेब शरीराला झेपतो. चार तासांत पाच मापे झाली तरी माणूस शुद्धीवर असतो आणि सहावे कोणते घेतले ते त्याला दुसऱ्या दिवशी आठवते. याच हिशेबाने 7 टक्क्यांच्या आयपीएचा अर्धा लिटर घेतल्यास 27-28 ग्रॅम होतात आणि ते उतरायला जवळजवळ चार तास लागतात. मोठा पेला स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. शिवाय तो अर्धा होईपर्यंत कोमट होतो. जर्मनीतील कोलोन शहरात कोल्श ही बिअर जेमतेम 200 मिलीलिटरच्या उभट पेल्यांत देण्याची रीत आहे, ती उगाच नाही.

चाखण्याचा क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवावा. कोल्श किंवा साधी लागर आधी, मग गव्हाचे प्रकार, मग पेल एल, त्यानंतर आयपीए आणि शेवटी काळी, जड स्टाउट. आयपीए आधी घेतली तर तिचा कडवटपणा जिभेवर बसतो आणि नंतरची गव्हाची बिअर पाणचट लागते. तुम्हाला गव्हाच्या बिअरची आवड आहे, तर दोन प्रकार मुद्दाम शेजारी ठेवून पाहा : जर्मन पद्धतीच्या हेफेवायझनमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो तो निव्वळ यीस्टचा असतो, त्यात केळे नसते की लवंगही नसते, उलट बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते. धण्याचा वास आपल्या नाकाला लगेच ओळखू येतो आणि बिअरमध्ये तो आल्यावर पहिल्यांदा प्रत्येक जण दचकतो.

आंबट आणि किंचित खारट अशी गोझे मिळाली तर ती उन्हात सर्वांत बरी वाटते. मूळ जर्मन गोझेत मीठ आणि धणे असतात. आपल्याकडे पुण्याच्या ग्रेट स्टेट एल वर्क्सने कोकम घालून तसा प्रकार काढला होता. बाटलीची लागर पिणाऱ्या तुमच्या मित्रांना ती पहिल्या घोटाला नासल्यासारखी वाटेल. त्यांना सांगा की सोलकढीची तयारी ठेवून प्या.

खाण्याचे म्हणाल तर घरून वरणभात जेवून निघावे, कारण आतले पदार्थ महाग असतात आणि रांगेत पाऊण तास मोडतो. मात्र जाताना वाटेत ठाण्याला थांबून मामलेदारची मिसळ खाण्याचा बेत असेल तर तो दुसऱ्या दिवसावर ढकला. अल्कोहोल आणि हॉप्सचा कडवटपणा या दोन्हींमुळे तिखटाची आग वाढते; मिसळीवर आयपीए म्हणजे जिभेला शिक्षा आहे. आत कुठे बोंबील रवा फ्राय दिसला तर तो विटबिअरबरोबर घ्यावा.

उन्हाचा मुद्दा मात्र तुमच्या घरच्यांनी योग्य काढला आहे. आपल्या हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही, आणि अल्कोहोलमुळे लघवी जास्त होऊन पाणी आणखी घटते. बिअर पातळ असते म्हणून तहान भागते हा गैरसमज आहे. प्रत्येक मापामागे तेवढेच, शक्य तर त्याहून जास्त पाणी प्यावे. आत बाटली नेऊ देत नाहीत, म्हणून पाण्याचे स्टॉल कुठे आहेत ते शिरल्याबरोबर पाहून ठेवावे. महिलांच्या स्वच्छतागृहाची व्यवस्था एका महोत्सवात इतकी वाईट होती की आम्ही सहा वाजताच काढता पाय घेतला. तुमच्या पत्नी येणार असतील तर आयोजकांना आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

चार वाजता पोहोचून आठच्या आत निघावे. चार ते सहा ही वेळ सर्वांत चांगली : ऊन उतरत असते, बिअर बनवणारी माणसे स्वतः स्टॉलवर उभी असतात आणि बोलण्याच्या मनःस्थितीत असतात. सातनंतर ध्वनिवर्धक सुरू झाला की बोलणे संपते.

एकटा जीव

सगळे सल्ले उत्तम आहेत, पण मूळ प्रश्न जावे का असा आहे आणि त्याचे उत्तर कोणी दिलेले नाही. माझे उत्तर : जाऊ नये.

उन्हाळी बिअर महोत्सव ही थंड देशांची कल्पना आहे. इंग्लंडमध्ये कामरा या ग्राहकांच्या संघटनेने 1977 साली ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल सुरू केला आणि तो बहुतेक वर्षे ऑगस्टमध्ये भरत आला, पण तो भरत असे बंदिस्त सभागृहात, आणि तिथली पारंपरिक एल बिअर 11 ते 13 अंशांना पितात, तेव्हा बर्फाच्या पेटीचा खटाटोपच नसतो. अमेरिकेत ओरेगन राज्यातील पोर्टलंडला 1988 पासून नदीकाठच्या उद्यानात जुलैमध्ये महोत्सव भरवायला सुरुवात झाली. माझा भाचा त्या भागात राहतो आणि तिथला जुलै म्हणजे कोरडी हवा, सावलीत गेले की घाम नाहीसा. ते वेळापत्रक उचलून मे महिन्याच्या मुंबईत आणायचे आणि वर प्रवेशशुल्क घ्यायचे, याला काय म्हणावे? आपल्याकडे या प्रकारासाठी डिसेंबर-जानेवारी हा काळ आहे.

ज्या पैशांत पाच मापे मिळतात त्या पैशांत मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी एखाद्या मायक्रोब्रुअरीत जावे. खुर्ची मिळते, पंखा मिळतो, चाखण्यासाठी चार-सहा छोट्या पेल्यांची फळी मागता येते, आणि बिअर जिथे तयार झाली ती टाकी दहा पावलांवर दिसत असते. केग कधी भरला हे विचारण्याचीही गरज पडत नाही.

शीतगृह

ऋतूबद्दल एकटा जीव यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. आयोजकांना मे महिना आवडतो तो शाळांना सुट्टी असते आणि पाऊस नसतो म्हणून. बिअरचा विचार त्यात कुठेच नसतो.

तरीही मायक्रोब्रुअरीत एका वेळी एकाच घरची बिअर मिळते, ही त्या पर्यायाची मर्यादा आहे. पुण्यात डूलालीने 2009 साली सुरुवात केली, मुंबईत लोअर परळला बार्किंग डिअर 2013 मध्ये आली, गेटवेसारख्या कंपनीचा कारखाना तर आपल्या शेजारी डोंबिवलीत उभा राहिला. या प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे आणि त्यातला फरक कळायचा असेल तर पेले एकाच दुपारी शेजारी-शेजारी यावे लागतात. पुण्याच्या छोट्या उत्पादकांची बिअर आपल्याला एरवी सहज मिळत नाही.

मे महिन्याच्या बाजूने बोलण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे आंबा. हंगामात अनेक जण आंब्याची बिअर करतात आणि तिच्यात कारागिराची परीक्षा होते. रस आंबवणीच्या टाकीत घातला तर त्यातील बहुतेक साखर यीस्ट खाऊन टाकते आणि मागे फक्त सुवास व किंचित आंबटपणा उरतो. अशा बिअरकडून आमरसाची गोडी अपेक्षू नये. पेला गोड आणि दाट लागला तर आंब्याचा गर किंवा अर्क शेवटी मिसळलेला आहे असे समजावे. तो काही गुन्हा नव्हे, पण मग तसे फलकावर लिहावे. मी स्वतः पहिल्या प्रकारच्या बिअरसाठी घामाची एक दुपार खर्च करायला तयार असतो, दुसऱ्यासाठी नाही.

खारेगावचा वाटसरू

कायदा आणि प्रवास या दोन गोष्टी राहिल्या आहेत.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 वर्षे आणि इतर कडक मद्यासाठी 25 वर्षे आहे, त्यामुळे 23 वर्षांच्या मेहुण्याला बिअर घेण्यास हरकत नाही. त्याच मैदानात जिन किंवा कॉकटेलचा स्टॉल असला तर तिथे मात्र तो बसत नाही, म्हणून काही आयोजक वेगवेगळ्या रंगांचे मनगटपट्टे बांधतात. जन्मतारीख असलेले ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवावे. पुष्कळांना माहीत नसते की 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात पिणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. तो एका दिवसासाठी 5 रुपये, वर्षासाठी 100 रुपये आणि आजन्म 1000 रुपये अशा शुल्कात मिळतो. प्रवेशद्वारावर एक दिवसाचा परवाना फाडून देत असतील तर ती पावती खिशात नीट ठेवा, टोकनांबरोबर फेकू नका. महोत्सव नेमका 1 मेच्या जोडसुट्टीत असेल तर तारीख पुन्हा पाहून घ्या, कारण महाराष्ट्र दिन हा कोरडा दिवस आहे.

गाडीबद्दल स्पष्टच लिहितो. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे वाशीच्या पुलावरून गाडी काढण्याचा मोह वाढला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दोन माफक पेल्यांतही काही जण ही मर्यादा ओलांडतात. तेव्हा चालवणाऱ्याने एकही माप घेऊ नये हे उघड आहे, आणि तुमच्या पत्नीवर ते काम न टाकण्याचा तुमचा विचार योग्य आहे.

मग उरते लोकल. महोत्सव मुंबईत नेमका कुठे आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात असेल तर कुर्ला गाठून हार्बरने सरळ नेरुळ. लोअर परळ किंवा महालक्ष्मीच्या बाजूला असेल तर दादरला उतरून मध्य रेल्वेने कुर्ला आणि तिथून हार्बर. ठाणेकरांना दादरहून थेट गाडी आहे. शनिवार आणि रविवार यांत निवड करायची असेल तर शनिवार घ्या. रविवारी हार्बरवर किंवा ट्रान्सहार्बरवर मेगाब्लॉक असला की साधारण अकरा ते चारच्या दरम्यान जाताना हाल होतात, आणि उशिरा पोहोचल्यामुळे तलावपाळी यांनी सांगितलेली चार ते सहाची चांगली वेळ हातची जाते. रेल्वेत नशेत गोंधळ घालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 145 खाली गुन्हा आहे, हे सोबतच्या तरुण मंडळींना निघतानाच सांगून ठेवलेले बरे. कॅब करायची झाल्यास मैदानाच्या फाटकावर करू नये. दहा वाजता तिथे दर दुपटीने वाढलेले असतात आणि पूल ओलांडायचा म्हटले की चालक फेरी रद्द करतात. दहा मिनिटे चालून मुख्य रस्त्यावर यावे.

नेरुळवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी जायचे, लोकलने जायचे, चारला पोहोचून आठला निघायचे आणि पाच मापांवर टोकने घ्यायची नाहीत, एवढे ठरले आहे. महोत्सव वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. केग कधी भरला हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी मेहुण्याने उत्साहाने स्वीकारली आहे. मद्य न घेणाऱ्यांसाठी कमी दराचे तिकीट असते असे आयोजकांना फोन केल्यावर कळले. संकेतस्थळावर त्याचा उल्लेख नव्हता. स्वच्छतागृहाबद्दल त्यांनी लेखी काहीही दिले नाही.

एक शंका उरते. आमच्यापैकी एका शेजाऱ्यांना मधुमेह आहे आणि ते रोज गोळ्या घेतात. त्यांचे म्हणणे असे की बिअर गोड नसते, म्हणून चालेल. हे बरोबर आहे का?

औषधवाला

माझे कोपरखैरण्याला औषधांचे दुकान आहे, त्या अनुभवावरून लिहितो. बिअर गोड नसते हे कारण पुरेसे नाही. खरा धोका साखर वाढण्यापेक्षा ती एकाएकी खाली जाण्याचा असतो. अल्कोहोल निकाली काढण्यात गुंतलेले यकृत रक्तात साखर सोडण्याचे काम मागे ठेवते, आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वेळी येणारा घाम, थरथर आणि बरळणे हे सगळे नशेसारखेच दिसते, त्यामुळे सोबतचे लोक हसत बसतात. नुसते मेटफॉर्मिन असेल तर साखर उतरण्याची भीती कमी, पण जास्त मद्य त्याच्याबरोबरही चालत नाही.

त्यांनी गोळीचे नाव सांगून आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर उपाशीपोटी एकही माप घेऊ नये, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी, आणि आपल्याला मधुमेह आहे हे तुमच्या पत्नींना सांगून ठेवावे, कारण त्या संध्याकाळी पूर्ण शुद्धीत असणाऱ्या त्याच एकट्या आहेत.